शून्य लिहायची सवय

दत्ताजीराव शिर्क्यांना काळजी करण्याचा पगार मिळत असे. थोडाथोडका नाही, एकतीस वर्षं मिळाला. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका औषध कंपनीत सलाइनच्या बाटल्या भरल्या जात, आणि त्या बाटल्यांतलं पाणी माणसाच्या शिरेत जाण्याआधी सशाच्या कानाच्या शिरेत जाई. प्रत्येक लॉटला तीन ससे. टोचायचं आणि पुढचे तीन तास दर अर्ध्या तासाला त्यांचा ताप मोजत बसायचं. पारा ठरल्यापेक्षा वर चढला की अख्खा लॉट संशयात. हे मोजणारे हात दत्ताजीरावांचे. घरी जेवताना ते मध्येच घास हातात धरून थांबत आणि म्हणत, "दोन नंबरचा आज पॉइंट तीनने चढला होता गं." मग आमटी निवून जाई.

पणजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांवर होते, आजोबा फौजेतल्या खेचरांवर. "आमच्या सासरी जनावर पिढीगणिक लहान होत आलंय," त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई पाहुण्यांना सांगत. "पुढच्या पिढीला उंदीर मिळाला तर नवल नको." दत्ताजीराव यावर रागावत नसत. ते म्हणत, घोडा लाथ मारून सांगतो की मला बरं नाही. ससा सांगत नाही. तो मरेपर्यंत शहाण्यासारखा बसून राहतो, म्हणून त्याच्याकडे जास्त बघावं लागतं.

तर बघणं हा त्यांचा धर्मच झाला होता. थर्मामीटर लावण्याआधी ते दोन बोटांत सशाचा कान धरत, आणि कानाच्या उबेवरून आकडा सांगत. पॉइंट दोनचासुद्धा फरक पडत नसे. फक्त एक गोष्ट होती. चाचणी ताप चढतो का याची असल्यामुळे, पारा उतरला तर त्याची दखल घ्यायची नसे. वहीत चढ लिहायचा. उतरला असेल तर शून्य लिहायचं. नियमच तसा होता. एकतीस वर्षांत दत्ताजीरावांनी किती हजार शून्यं काढली असतील कोण जाणे. शून्य काढलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. आज कुणाला ताप नाही.

मग सशांचं काम करणारी काचेच्या नळीतली चाचणी आली. अ‍ॅनिमल हाउस बंद झालं आणि त्याच महिन्यात दत्ताजीरावही निवृत्त झाले. तरसालीच्या दोन खोल्यांच्या घरात ते दीड महिना काही न सुचून बसले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या धवलभाईंनी सुट्टीला जाताना आपला ससा आणून ठेवला. मग त्यांच्या मेहुण्याने. बघता बघता मागची गॅलरी सशांचं वसतिगृह झाली, आणि दत्ताजीरावांना उतारवयात शोध लागला की जगात पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशाशिवाय आणखीही ससे असतात.

कारण कंपनीत एकच जात होती, न्यूझीलंड व्हाइट. नाव न्यूझीलंडचं आणि जन्म अमेरिकेतला. चार-साडेचार किलोचं शांत जनावर. आता गॅलरीत डच आला, त्याच्या पाठीपोटाला पांढरा पट्टा, जणू कुणी अर्ध्यावर रंग संपला म्हणून सोडून दिलेला. चिंचिला आला. त्याच्या करड्या केसांवर फुंकर घातली की राखी, पांढरी, काळी अशी कडी उमटत. कॅलिफोर्नियन आला, त्याचं नाक, कान आणि पाय काळे. पण हा काळा रंग थंडीत गडद होतो आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात विटल्यासारखा दिसतो, म्हणून मालकीण घाबरून सारखी विचारी की याला काही रोग तर नाही. धवलभाईंच्या सशाची तर गंमतच होती. तो ड्वार्फ म्हणून घेतलेला. दत्ताजीरावांनी तो उचलला, त्याचे मागचे पंजे बघितले आणि म्हणाले, "भाई, खरा ड्वार्फ असता तर डोकं चेंडूसारखं आणि कान बोटाएवढे असते. हे पंजे बघा. हे अजून वाढणार." सहा महिन्यांत तो चार किलोचा झाला. तो न्यूझीलंडच निघाला.

एवढं सगळं शिकले, पण मनातून त्यांना ते पटलं नव्हतं. "जात म्हणजे अंगातला सदरा," ते म्हणत. "कुणाचा पट्ट्यापट्ट्यांचा, कुणाचा साधा. आतलं यंत्र एकच." हे वाक्य त्यांना फार आवडे. सुनेत्राबाईंनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्या ओठ हलवून साथ देत.

एप्रिलच्या शेवटी सुभानपुऱ्याहून घोरपडे बाई आल्या. अहल्याबाई घोरपडे, वय बहात्तर, सुनेत्राबाईंना शाळेत गणित शिकवलेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मुलगा अनीश कॅनडातून रजा काढून आला होता, पण त्याला सशाच्या केसांनी शिंका येत. बाईंच्या मांडीवर वेताची टोपली, आणि टोपलीत दत्ताजीरावांना आधी नुसता पिंजलेला कापूस दिसला. मग कापसातून दोन कान वर आले, टोकांना झुबके असलेले, आणि दोन लाल डोळे.

"हे रावसाहेब," बाई म्हणाल्या. "अंगोरा आहेत. ह्यांनी आणले होते." 'हे' म्हणजे गोविंदराव. ते मागच्या दिवाळीआधी गेले. "दिवसातून एकदा ब्रश करायचा. आणि एक सांगते दत्ताजीराव, लोकर कापायची नाही. ह्यांना आवडायचं नाही."

बाईंचा आवाज वर्गातलाच होता. सुनेत्राबाई नकळत ताठ उभ्या राहिल्या. दत्ताजीरावांनी टोपलीत हात घातला, लोकर बाजूला करत करत कान धरला आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पांढरा रंग, लाल डोळे. सदरा जरा जाड, एवढंच. "काळजी करू नका बाई," ते म्हणाले. "ती माझ्याकडे द्या."

आणि त्यांनी खरोखरच केली. मेच्या पहिल्या आठवड्यात पारा त्रेचाळीसला पोचला तेव्हा दत्ताजीरावांना झोप लागेना. ससा उन्हाने मरतो, घामाविना मरतो. त्याला जी काही उष्णता बाहेर टाकायची ती कानांतून. त्यात याच्या अंगावर मेंढीची लोकर. त्यांनी रावसाहेबांचा पिंजरा आतल्या खोलीत कूलरसमोर मांडला. खिडकीला ओलं गोणपाट. पिंजऱ्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, ती विरघळली की दुसरी. दर दोन तासांनी कान. कान गरम लागला की ते ओल्या हाताने तो पुसून काढत. सुनेत्राबाई शाल पांघरून भाजी निवडत आणि म्हणत, "मला काश्मीरला नेणार होता, ते हेच का?"

संध्याकाळी सहाला बाईंचा दवाखान्यातून फोन येई. तोंडी परीक्षाच ती. ब्रश केला का? किती वेळ? रजक्याचा चारा ओला तर नव्हता ना? शेवटचा प्रश्न ठरलेला, "ताप?" आणि उत्तरही ठरलेलं. "शून्य, बाई. एकदम नॉर्मल."

पाचव्या दिवशी झाडता झाडता सुनेत्राबाई थांबल्या. "अहो, याच्या लेंड्या बघा. बारक्या झाल्यात. आणि या बघा, एकमेकींना केसाने ओवल्यासारख्या आहेत, माळेसारख्या."

"उन्हाने होतं," दत्ताजीराव म्हणाले.

"इथे ऊन आहे कुठे?"

त्यांनी कान धरला. गार होता. छान गार. "ताप नाही," ते म्हणाले आणि वहीत शून्य लिहिलं.

सहाव्या दिवशी रावसाहेबांनी खाणं निम्मं टाकलं. सातव्या दिवशी वाटीला तोंडच लावलं नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसून राहिले. ऊन लागलं, दुसरं काय. दत्ताजीरावांनी कूलर आणखी पुढे ओढला, बर्फाची दुसरी बाटली ठेवली, कान पुन्हा पुन्हा धरून पाहिले. गार. मग हा खात का नाही? काही समजत नव्हतं, पण बोटं सांगत होती की ताप नाही, आणि या बोटांनी आजवर दगा दिला नव्हता. संध्याकाळी सहाला फोन वाजला. "शून्य, बाई," ते म्हणाले. त्या दिवशी सुनेत्राबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. बाईंसमोर त्या अजून सातवीतच होत्या.

आठव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात लेंडी एकही नव्हती. कान बर्फाच्या बाटलीइतका गार. आता मात्र दत्ताजीरावांनी कपाटातून जुनं थर्मामीटर काढलं. सुनेत्राबाईंनी रावसाहेबांना धरलं, आणि धरताना त्या म्हणाल्या, "हलका झालाय हो. वर नुसता कापूस आहे." थर्मामीटर सदतीसला दोन पॉइंट कमी दाखवत होतं.

निरोगी ससा साडेअडतीसच्या खाली नसतो. हे दत्ताजीरावांना झोपेतही ठाऊक होतं. तरी त्यांचा हात सवयीने वहीकडे गेला आणि त्या हाताने चढाच्या रकान्यात स्वच्छ गोल शून्य काढलं.

ते त्या शून्याकडे बघत राहिले. वरच्या ओळीतही शून्य. त्याच्या वरही. तीन दिवस जनावर हळूहळू थंड पडत होतं आणि ते त्याला बर्फ देत होते. एकतीस वर्षं पारा वर जातो का एवढंच बघितलं. खाली जाणारा पारा कधी मोजायचाच नव्हता, म्हणून तो त्यांच्या हिशेबी जातच नव्हता.

"सुनेत्रा, कूलर बंद कर," ते म्हणाले. "आणि रिक्षा बोलाव."

जनावरांच्या डॉक्टर पूर्वी पटेल तिशीच्या होत्या आणि फार शब्द खर्चायच्या नाहीत. त्यांनी रावसाहेबांचं पोट दोन बोटांनी चाचपलं, तसे दत्ताजीराव टेबलाची कड धरून उभे राहिले.

"काका, ताव नथी. तमे तो एने ठंडु करी नाख्युं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बघून मराठी-हिंदीवर आल्या. "ताप नाही, तुम्हीच त्याला गार करून टाकलंत. पोटात लोकर आहे. हे बघा, कणकेच्या गोळ्यासारखं लागतंय. अंगोरा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात. मांजर ओकून टाकतं, सशाला ओकता येत नाही. लोकर कधी कापली होती?"

"कापायची नाही असं सांगितलंय," दत्ताजीराव म्हणाले.

"कोणी? याची दर तीन महिन्यांनी कापावीच लागते. ही सहा महिन्यांची तरी आहे." त्यांनी पाठीत सलाइन टोचलं, पोट चालू व्हायचं औषध दिलं, सिरिंजने भरवायचा लगदा दिला. "आता ऊब द्या. पोट चोळा. उद्या सकाळपर्यंत पारा टिकला तर सगळी लोकर काढा, नाहीतर आणखी गिळेल. आणि उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी आली पाहिजे."

"नाही आली तर?"

"तर पोट उघडावं लागेल. आणि एवढ्या अशक्त सशाचं पोट उघडणं…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. दत्ताजीरावांनी त्या सलाइनच्या बाटलीवरचा लॉट नंबर उगाचच दोनदा वाचला आणि टोपली उचलली.

त्या दिवशी बाहेर त्रेचाळीस अंश असताना शिर्क्यांच्या घरात खिडक्या लावून दोन गरम पाण्याच्या पिशव्या फिरत होत्या. दत्ताजीराव मांडीवर टोपली घेऊन बसले आणि पोट चोळत राहिले. अंगातला सदरा, सदरा म्हणत होतो, त्यांच्या मनात येई, तो सदराच याच्या पोटात गेला आणि मी कान बघत बसलो. सुनेत्राबाईंनी एकदा तरी म्हणावं की मी सांगितलं होतं, असं त्यांना वाटत होतं. त्या म्हणेनात, आणि त्यामुळे जास्तच लागत होतं. संध्याकाळी पारा अडतीसला पोचला. सहाला फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा सांगितला नव्हता, आणि खरं सांगायला तोंड नव्हतं. अनीशला नुसता निरोप गेला की उद्या सकाळी फोन करतो.

सकाळी साडेअडतीस. लेंडी नाही. दत्ताजीरावांनी स्वतःच फोन लावला आणि सुनेत्राबाईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. एकटं ऐकायची त्यांची हिंमत नव्हती.

"बाई, मी तुम्हाला तीन दिवस चुकीचं सांगितलं," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. माळेसारख्या लेंड्या, बर्फ, शून्य, पोटातला गोळा. "वाचेल की नाही, सांगता येत नाही. लोकर काढायला हवी. तुम्ही नको म्हणाला होता, गोविंदरावांना आवडायचं नाही म्हणून. पण तुम्ही हो म्हणा."

पलीकडून दवाखान्यातल्या कुठल्यातरी ट्रॉलीचा आवाज आला. मग बाई बोलल्या, पण तो वर्गातला आवाज नव्हता.

"तसं काही नव्हतं हो. हे दर तीन महिन्यांनी कापायचे. म्हणजे कापायचे मी, हे धरायचे. मांडीवर उताणा घेऊन, डोळ्यांवर हात ठेवून. दोघं लागतात त्याला. एकाने धरायचं, एकाने कापायचं. हे गेल्यावर मी एकदा एकटीने बघितलं. कात्री त्याच्या कातडीला लागली, रक्त आलं. मग नाही कापली. धरायला कुणी नाही, असं कुणाला सांगायचं? म्हणून ह्यांचं नाव पुढे केलं."

दत्ताजीरावांना कंपनीतली वही आठवली, त्यातली आपली सुबक गोल शून्यं. बाईही दिवाळीपासून तेच लिहीत आल्या होत्या, आणि विचारणाऱ्याला 'नॉर्मल' म्हणत आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं तर सुनेत्राबाई उठून गेलेल्या. त्या आल्या त्या जुनी चादर आणि शिवणाची कात्री घेऊन. चादर त्यांनी जमिनीवर पसरली, बसल्या, आणि मांडीवर हात थोपटून म्हणाल्या, "आणा इकडे. बाई, मी धरते."

"डोळ्यांवर हात ठेव गं," फोनमधून बाई म्हणाल्या. "आणि पाठीपासून सुरू करा. कातडी ताणून धरायची नाही, ती कागदासारखी असते."

दीड तास लागला. बाईंनी फोन ठेवला नाही. पाठ, मग कुशी, मग पोट. दत्ताजीरावांचे हात टोचायला सरावलेले, कापायला नव्हते. प्रत्येक वेळी कात्री मिटताना ते श्वास रोखून धरत आणि सुनेत्राबाई "नाही लागलं" म्हणत, की मग सोडत. चादरीवर लोकरीचा ढीग रावसाहेबांहून मोठा झाला. खाली उरलं ते एवढंच. ओल्या मांजराएवढं अंग, कण्याचे मणके मोजता येतील असे. एवढ्याशा जिवाला रावसाहेब म्हणायचं कसं, असं सुनेत्राबाईंना वाटलं. त्यांनी त्याला आपल्या पदरात गुंडाळलं.

मग लगदा भरवला, पोट चोळलं, पुन्हा लगदा. दुपारी दोनला सुनेत्राबाईंना डुलकी लागली. दत्ताजीराव टोपलीसमोर मांडी घालून बसले होते. अडीच झाले, तीन झाले, साडेतीन झाले. संध्याकाळ जवळ येत होती, आणि डॉक्टरांचं अर्धं सोडलेलं वाक्य ते मनात सारखं पुरं करत होते. हात दर पाच मिनिटांनी कानाकडे जाई आणि ते तो मागे घेत. कान नाही. खाली बघ. रावसाहेबांनी मध्येच नाक हलवलं, पुढचे दोन पाय ताणले, गवताची एक काडी तोंडात घेतली आणि विचार बदलल्यासारखी टाकून दिली. चारला पाच मिनिटं कमी असताना रावसाहेब जरा पुढे सरकले. ते उठले त्या जागी काहीतरी होतं.

दत्ताजीरावांनी चष्मा पुसला. हाताने उचलून खिडकीशी नेलं. केसांनी ओवलेलं, काळं, ओबडधोबड. त्यांनी सुनेत्राबाईंना हलवलं, आणि नुसता तळहात पुढे केला. साठी उलटलेल्या माणसाने बायकोला अशी भेट क्वचितच दिली असेल, आणि त्या बाईच्या डोळ्यांत ती बघून पाणी आलं.

सहाला फोन वाजला. पहिल्याच घंटेला दत्ताजीरावांनी उचलला.

"ताप?" बाईंनी विचारलं. सवयच ती.

"अडतीस पॉइंट सात. पण ते सोडा बाई. सात."

"काय सात?"

"लेंड्या. सात झाल्या. मोजल्यात."

बाई हसल्या की रडल्या, ते फोनवर कळलं नाही. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मागून अनीश काहीतरी विचारत होता. दत्ताजीरावांनी वही पुढे ओढली. चढाचा रकाना त्यांनी उभी रेघ मारून खोडला आणि नुसता आकडा लिहिला, होता तसा.

"लोकर वाढेल आता पुन्हा," ते म्हणाले. "गणपतीच्या सुमाराला कापायला येईल. आम्ही येऊ सुभानपुऱ्याला. कात्री तुम्ही धरा. मला दीड तास लागतो."

"आणि त्याला कोण धरेल?"

दत्ताजीरावांनी बायकोकडे बघितलं. ती पदरातल्या त्या लोकर उतरलेल्या जिवाला सिरिंजने भरवत होती.

"ही धरेल," ते म्हणाले. "दर तीन महिन्यांनी."